हार्डकोर चॅम्पियनशिप : मोडक्या पट्ट्याची पावणेचार वर्षं

खुर्चीवाला

नव्वदीच्या शेवटी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफची अमेरिकी कुस्ती बघणाऱ्या कुणालाही ऑस्टिन, रॉक, अंडरटेकर विचारा, घडाघडा सांगतील. क्रॅश हॉली कोण म्हटलं की डोकं खाजवतात. ट्रंप कार्डांच्या कॅटमध्ये असला किरकोळ गडी हाती आला की डाव गेलाच समजायचं. हा धागा त्याच्यासाठी, आणि त्याच्या कमरेला कधी असायचा कधी नसायचा त्या पट्ट्यासाठी.

डब्ल्यूडब्ल्यूएफ हार्डकोर चॅम्पियनशिप. जन्म २ नोव्हेंबर १९९८, मृत्यू २६ ऑगस्ट २००२. एवढ्यात हा पट्टा दोनशेहून जास्त वेळा या कमरेवरून त्या कमरेवर गेला. ब्रूनो सॅमार्टिनोने कंपनीचा मुख्य पट्टा १९६३ पासून १९७१ पर्यंत एकट्याने सांभाळला होता, त्याच कंपनीची ही गोष्ट.

(निकाल आधी ठरलेले असतात हे सर्वांना ठाऊक आहे. तो शोध कृपया इथे पुन्हा लावू नये.)

सुरुवात झाली ती लाच म्हणून. मिक फोली तेव्हा 'मँकाइंड' या नावाने तोंडावर चामड्याचा मुखवटा चढवून खेळायचा. त्याच वर्षी जूनमध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याला सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून थेट समालोचकांच्या टेबलावर फेकलं होतं. कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहन पडद्यावरही खलनायक मालकाचंच काम करायचा. सर्व्हायव्हर सीरिज हा मोठा कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलेला, मुख्य पट्टा रिकामा, त्यासाठी स्पर्धा, आणि मॅकमॅहनला हे भोळं वेडं आपल्या मुठीत हवं होतं. म्हणून त्याने मँकाइंडला प्रेमाने एक बक्षीस दिलं. कंपनीच्या जुन्या मुख्य पट्ट्याचे ठोकून तुकडे केलेले, ते चिकटपट्टीने कसेबसे जोडलेले आणि वर 'हार्डकोर चॅम्पियन' असं लिहिलेलं. मँकाइंड असा हरखला की बघणाऱ्याला लाज वाटावी. पुढे १५ नोव्हेंबरला अंतिम लढतीत मॅकमॅहननेच घंटा वाजवायला लावून पट्टा रॉकच्या पदरात टाकला, आणि मँकाइंडला कळलं की आपल्याला कशासाठी गोंजारलं होतं.

गंमत अशी की लाच घेणारा निघून गेला आणि लाच मागे उरली. डिसेंबरपर्यंत पट्टा बिग बॉस मॅन, मग रोड डॉग असा फिरला. नियम एकच, की नियम नाहीत. खुर्ची, कचऱ्याचा डबा, तवा, शिडी, दिसेल ते उचला आणि हाणा. ही कल्पना काही मॅकमॅहनच्या डोक्यातून निघालेली नव्हती. फिलाडेल्फियात ईसीडब्ल्यू नावाची छोटी कंपनी हेच विकून उभी राहिली होती, आणि जपानात आत्सुशी ओनिताच्या एफएमडब्ल्यूत तर काटेरी तारा नि स्फोटकं लावून खेळ चालायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफने त्यातली भीती थोडी काढून घेतली आणि विनोद घातला.

१९९९ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला बॉब हॉली आणि अल स्नो रिकाम्या पट्ट्यासाठी भिडले. अल स्नो म्हणजे दुकानातल्या पुतळीचं मुंडकं हातात घेऊन तिच्याशी बोलत फिरणारा इसम. दोघं मारामारी करत इमारतीच्या बाहेर पडले ते मिसिसिपी नदीच्या काठावर पोचले. शेवटी हॉलीने स्नोला कुंपणाच्या जाळीत गुंडाळून पिन केलं (म्हणजे रेफरीने तीन मोजेपर्यंत खाली दाबून धरलं). बॉब हॉली वर्षानुवर्षं कंपनीत होता आणि कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्या रात्रीनंतर तो 'हार्डकोर हॉली' झाला आणि ते नाव त्याला अखेरपर्यंत पुरलं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. हा पट्टा मोठ्यांना काहीच देत नव्हता, पण ज्यांना एरवी कुणी माईकसुद्धा हातात दिला नसता त्यांना त्याने गोष्ट दिली.

वाईट दिवसही होते. सप्टेंबर १९९९ ची स्नो विरुद्ध बॉस मॅन लढत आठवा. बॉस मॅनने आधी स्नोचं चिवावा जातीचं कुत्रं, पेपर, पळवून शिजवून त्यालाच खायला घातलं (हे खरंच दाखवलं होतं!). मग सूड म्हणून पिंजऱ्याभोवती दुसरा पिंजरा, आणि दोहोंच्या मधल्या बोळात म्हणे खूंखार कुत्री. कुत्र्यांनी कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी तिथे निवांत विधी उरकले, एकमेकांशी संसार थाटला, आणि दोन धिप्पाड पुरुष त्या कुत्र्यांना घाबरल्याचं सोंग करत राहिले.

मग आला फेब्रुवारी २०००. क्रॅश हॉली, कथेत बॉबचा चुलतभाऊ. अंगकाठी बघाल तर कॉलेजातला पोरगा वाटेल. वजन चारशे पौंडांहून जास्त असल्याचा दावा करायचा आणि वजनकाटा बरोबर घेऊन फिरायचा. त्याने टेस्ट नावाच्या पैलवानाकडून पट्टा घेतला आणि जाहीर केलं की मी चोवीस तास, सातही दिवस, कुठेही, कुणाशीही लढायला तयार आहे. अट एकच, जवळ रेफरी पाहिजे.

बोलताना त्याला भान नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळी कंपनी त्याच्या मागे लागली, आणि प्रत्येकाने एकेक रेफरी बगलेत मारलेला. क्रॅश हॉटेलच्या खोलीत, क्रॅश विमानतळावर, क्रॅश ब्रुकलिनच्या लहान मुलांच्या खेळघरात. तिथे हेडबँगर्स नावाची जोडी त्याच्या मागे, आणि हा रंगीत चेंडूंच्या हौदातून, घसरगुंड्यांच्या नळ्यांतून पळतोय. तो एकूण २२ वेळा चॅम्पियन झाला, पण त्याला जिंकताना बघायला कुणी बसत नव्हतं. आज हा कसा निसटतो, एवढंच बघायचं असायचं. कुस्तीच्या इतिहासात पळण्यासाठी प्रसिद्ध झालेला दुसरा चॅम्पियन मला माहीत नाही.

२ एप्रिल २००० ला, अनाहाइमच्या रेसलमेनियात (कंपनीचा वर्षातला सर्वात मोठा कार्यक्रम), तेरा जण एकदम रिंगमध्ये सोडले आणि घड्याळावर पंधरा मिनिटं लावली. वेळ संपेल तेव्हा ज्याच्याकडे पट्टा तो चॅम्पियन. मधल्या काळात पट्टा दहा-अकरा हातांतून गेला. फुनाकी, थ्रॅशर, मालकाचा मुलगा शेन मॅकमॅहनचा बालमित्र पीट गॅस, असे गडी क्षणभर का होईना रेसलमेनियात चॅम्पियन होऊन गेले. आत जाताना पट्टा क्रॅशकडे होता, बाहेर येताना चुलतभावाकडे.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. तुमच्या आठवणी येऊ द्या.

चहाबिस्कीट

कुत्र्यांचा परिच्छेद वाचून हसून हसून पुरेवाट. "एकमेकांशी संसार थाटला" :)) धागा वाचनखुणेत साठवला आहे.

ब्रिस्को-पॅटरसन लिहिल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही, सांगून ठेवतो.

तालीमकर

लिहिलंय झ्याक, पण एक विचारू का? आमच्या कोल्हापुरात मैदानात दोन पैलवान नुरा, म्हणजे आधी ठरवून, खेळताहेत असा नुसता वास आला तरी खासबागेत पब्लिक उठून शिव्या घालतं. वस्तादाची मान खाली जाते. आणि इथं तुम्ही ठरवून केलेल्या, वर कचऱ्याच्या डब्यानं केलेल्या मारामारीचा इतिहास तारीखवार सांगताय. गदेसाठी पोरं पहाटे चारला उठून हजार-हजार जोर काढतात. हा पट्टा माणूस झोपलेला असताना पण जिंकता येत होता म्हणे. मग ह्याला किताब म्हणायचं कशाला?

खुर्चीवाला

तालीमकर, झोपलेला असतानाच काय, जिंकलाच होता. त्याकडे येतो.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: ती कुस्ती म्हणून बघितली तर काहीच नाही. तमाशातला सोंगाड्या पाटलाला काठी मारतो तेव्हा पाटील खरंच मेला का, असं कुणी विचारत नाही. मात्र त्या सोंगाड्याला वेळ साधता येते की नाही हे पब्लिकला बरोबर कळतं. क्रॅशला ती साधत होती.

आता योगायोग बघा. या पट्ट्यात खऱ्या कुस्तीतला माणूसही अडकला होता. जेराल्ड ब्रिस्को ओक्लाहोमाचा, कॉलेजची खरी कुस्ती खेळलेला. त्याचा मोठा भाऊ जॅक १९६५ चा अमेरिकन विद्यापीठ विजेता, पुढे एनडब्ल्यूए या दुसऱ्या कुस्ती-संघटनेचा जगज्जेता. पॅट पॅटरसन तर इंटरकॉन्टिनेंटल या कंपनीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पट्ट्याचा पहिला मानकरी, १९७९ चा. तो पट्टा त्याने रिओ द जानेरोतल्या स्पर्धेत जिंकला असं जाहीर झालं होतं, आणि अशी स्पर्धा कुठे झालीच नव्हती. तालीमकर, नुरा खेळायला निदान दोघं लागतात, इथे तेवढंही लागलं नाही. रॉयल रंबलची (ठरावीक वेळाने एकेक गडी रिंगमध्ये सोडायचा, शेवटी उरेल तो जिंकला) कल्पनासुद्धा पॅटरसनचीच.

२००० साली हे दोघं पन्नाशी ओलांडलेले, पडद्यावर मॅकमॅहनचे हुजरे. एके दिवशी क्रॅश दमून झोपला होता. ब्रिस्को पावलांचा आवाज न करता गेला, हलकेच त्याच्या अंगावर हात ठेवला, रेफरीने जमिनीवर जवळजवळ कुजबुजत तीन थापा मारल्या. झाला चॅम्पियन. जूनमध्ये पॅटरसनने जिवलग मित्र ब्रिस्कोबरोबर शॅम्पेन उघडली, जल्लोष केला, आणि तीच बाटली त्याच्या डोक्यात घालून पट्टा घेतला. मग २५ जूनला बॉस्टनमध्ये दोघांची लढत, बायकांचे झगे घालून. जो दुसऱ्याचा झगा फाडेल तो जिंकणार. प्रेक्षकांनी डोळ्यांवर हात घेतले होते. तेवढ्यात क्रॅश धावत आला, पॅटरसनला पिन केलं आणि पट्टा घेऊन पसार.

चहाबिस्कीट

आता जिवाला बरं वाटलं. दंडवत.

अनघा_डोंबिवली

मी घरात दादामुळे बघायचे. त्याला रॉक आवडायचा, मला मॉली. म्हणून बायकांबद्दल थोडं, कारण वर कुणी बोललंच नाही.

मे २००० मध्ये हा पट्टा पहिल्यांदा एका बाईने जिंकला. क्रॅशलाच पिन करून. पण ती कोण? गॉडफादर नावाचा एक पैलवान होता, दलालाचं पात्र करायचा आणि बरोबर बायकांचा ताफा घेऊन यायचा. त्या ताफ्यातली एक. टीव्हीवर तिची ओळख एवढीच. गावातले कुलकर्णी, त्यांच्या मिसेस, असंही नाही, सरळ गॉडफादरच्या मालकीची. चॅम्पियन झाली तरी समालोचकांच्या तोंडी नाव नाही. सोंगाड्याची वेळ वगैरे ठीक, पण त्या काळातली ही घाणही त्याच पट्ट्याला चिकटली आहे.

मॉली हॉलीची गोष्ट मला म्हणून जास्त आवडते. १७ मार्च २००२, टोरंटो, रेसलमेनिया. मेव्हन चॅम्पियन, समोर गोल्डस्ट. मधेच स्पाइक डडली येऊन पट्टा पळवतो, मग त्याच्याकडून हरिकेन घेतो. मॉली तेव्हा हरिकेनची जोडीदार, मायटी मॉली. ती त्याला शाबासकी द्यायला आल्यासारखी येते, तळणीच्या तव्याने त्याला झोपवते आणि स्वतः चॅम्पियन होऊन पळत सुटते. बोळात ख्रिश्चन एक दार तिच्या तोंडावर आपटतो, पट्टा त्याचा. शेवटी बाहेर टॅक्सी थांबलेली, ख्रिश्चन बसणार तोच मेव्हन मागून येऊन त्याला गुंडाळतो, पट्टा घेतो आणि त्याच टॅक्सीत बसून जातो. सगळं एकाच रात्रीत, मुख्य लढतींच्या मधल्या फटींत.

त्याच वर्षी ट्रिश स्ट्रॅटसही हार्डकोर चॅम्पियन झाली. तिला मात्र नावासकट.

बंड्या७७

अनघाताई +१०० टॅक्सीसाठी.

खुर्चीवाले साहेब, तुम्ही क्रॅशच्या प्रेमात आंधळे झालात. स्टीव्ह ब्लॅकमन कुठाय? रॉब व्हॅन डॅम कुठाय? ब्लॅकमनसारखा गंभीर गडी या पट्ट्याला लाभला नाही. हातात काठ्या आल्या की फॅनच्या पात्यांसारख्या फिरवायचा. सगळे दिवस एकत्र धरले तर पट्टा सर्वात जास्त दिवस त्याच्याकडे होता. २७ ऑगस्ट २००० ची समरस्लॅम बघा. शेन मॅकमॅहन पट्टा घेऊन पळता पळता स्टेजच्या लोखंडी सांगाड्यावर चढतो. मालकाचं पोरगं! ब्लॅकमन मागून चढतो, वरती काठीने झोडपतो, आणि शेन तिथून पाठीवर खाली पडतो. खाली गाद्या असणार हे कळत असूनही पोटात गोळा आला होता.

आणि २००१ चा उन्हाळा? जेफ हार्डी विरुद्ध रॉब व्हॅन डॅम. जुलैत इन्व्हेजनला, ऑगस्टमध्ये समरस्लॅमला शिडीवर. त्या दोन महिन्यांत हा पट्टा कार्यक्रमातला सर्वात बघण्याजोगा होता. विनोद नव्हता, पळापळ नव्हती. नुसता खेळ.

खुर्चीवाला

बंड्याभाऊ, व्हॅन डॅमचा काळ चांगला होता यात वादच नाही. पण मला वाटतं तो पट्टा नावापुरता हार्डकोर होता. त्याच लढती कुठल्याही पट्ट्यासाठी तितक्याच रंगल्या असत्या. डिसेंबर २००१ मध्ये तर अंडरटेकरने व्हॅन डॅमकडून तो घेतला. अंडरटेकरला या पट्ट्याची काय गरज? त्याला तो शोभतही नव्हता. त्यातल्या त्यात एक चांगलं झालं, की फेब्रुवारीत मेव्हनसारख्या नवख्या पोराने, रॉकच्या मदतीने का होईना, तो त्याच्याकडून काढून घेतला.

२००१ च्या एप्रिलमधली केन, बिग शो, रेव्हन ही तिहेरी लढत मात्र मला मान्य. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमच्या पोटात हे तिघं गोल्फच्या गाड्या घेऊन एकमेकांच्या मागे. सात फुटी माणूस त्या इवल्याशा गाडीत पाय दुमडून बसलेला, हे चित्र ज्याला सुचलं त्याला पगारवाढ मिळाली असेल अशी आशा आहे.

डॉ_निवांत

चर्चा रंगात आली आहे, मी जरा विरजण घालतो. धंदाच तसा.

हार्डकोर चॅम्पियनांच्या यादीत एक नाव आहे ख्रिस नोविन्स्की. हार्वर्डचा पदवीधर, २००२ मध्ये हा पट्टा त्याच्याकडे येऊन गेला. पात्रही तेच, शिष्ट हार्वर्डवाला. २००३ मध्ये रिंगमध्ये डोक्याला लाथ बसली, आणि डोकेदुखी, विसरभोळेपणा, झोपेतले झटके काही केल्या थांबेनात. कुस्ती सुटली. मग तो बॉस्टनचे न्यूरोसर्जन रॉबर्ट कँटू यांच्याकडे पोचला. त्यांनी विचारलं, आजवर असे किती मार बसले? नोविन्स्कीला तोवर वाटायचं की बेशुद्ध पडलं तरच तो मार. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, क्षणभर आपण कुठे आहोत हे न कळणं, हे सगळं त्याने कधी धरलंच नव्हतं.

२००७ मध्ये या दोघांनी मिळून संस्था काढली, पुढे ती कन्कशन लेगसी फाउंडेशन म्हणून ओळखली जाऊ लागली. खेळाडूंचे मेंदू मृत्यूनंतर तपासायला मिळवण्याचं काम त्यांनी रेटलं. त्याच वर्षी कंपनीतल्याच ख्रिस बेन्वा या पैलवानाने बायको आणि मुलाचा खून करून आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या मेंदूची तपासणी व्हावी म्हणून बेन्वाच्या वडिलांशी बोलणारा नोविन्स्कीच. वारंवारच्या आघातांनी होणारी हानी त्यात सापडली.

जानेवारी १९९९ मध्ये रॉकने मँकाइंडच्या डोक्यात घातलेल्या खुर्च्या आठवा. लढत या पट्ट्याची नव्हती, पण काळ तोच. मँकाइंडचे हात मागे बेडीत, म्हणजे डोकं झाकायलाही हात नाहीत, आणि त्याची बायकामुलं रिंगजवळ बसलेली. निकाल ठरवता येतो, पण पत्र्याची खुर्ची कवटीवर बसली की मेंदू आतल्या आत हलतो, त्याला संहिता वाचता येत नाही. पुढे कंपनीने डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं, तोवर २०१० चा सुमार उजाडला होता.

क्रॅशचं पळणं मलाही आवडायचं. उलट मी म्हणेन, पळणारा चॅम्पियन ही त्या पट्ट्याची वैद्यकीयदृष्ट्या सर्वात शहाणी कल्पना होती.

तालीमकर

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. मातीत मान मोडते, कान फुटतो, पण आमच्यात डोक्यात कोण काय घालत नाही. माझा 'नुरा' शब्द अर्धा मागं घेतो. मार काय नुरा नव्हता.

एडिसनचा_अण्णा

२००२ मध्ये मी न्यू जर्सीत नोकरीला नवा. टीव्हीवर न दिसणारे जे खेळ गावोगाव चालतात, त्यातल्या एकाला रूममेट ओढून घेऊन गेला. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. हार्डकोर लढतीत एक जिंकला, लगेच दुसऱ्याने त्याला पिन केलं, मग तिसऱ्याने, आणि शेवटी पहिल्याकडेच पट्टा परत. सगळे जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबले आणि लोक पॉपकॉर्न आणायला उठले. रेव्हनच्या नावावर २७ वेळा हा पट्टा जिंकल्याची नोंद आहे, सर्वात जास्त. तो आकडा ऐकला की मला त्या रिकाम्या खुर्च्या दिसतात.

माझ्या मते पट्टा तिथेच संपला होता. पुढे बंद केला तो फक्त कागदोपत्री.

खुर्चीवाला

अण्णा, अगदी नेमकं. चोवीस तासांच्या नियमात गंमत होती ती भीतीची. क्रॅश दाराआडून डोकावायचा, इकडे तिकडे बघायचा, मग पाऊल टाकायचा. २००२ मध्ये कुणी डोकावेनासं झालं. पट्टा गेला तर जाऊ दे, पाच मिनिटांत परत मिळेल, असं खेळाडूलाच वाटायला लागल्यावर बघणाऱ्याने कशाला जीव टांगणीला लावायचा? मी तर म्हणतो, मार जास्त झाला म्हणून नव्हे, धाक संपला म्हणून हा पट्टा मेला.

शिवाय तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं होतं, रॉ आणि स्मॅकडाउन या कंपनीच्या दोन साप्ताहिक कार्यक्रमांचे संघ वेगळे झाले होते, आणि रॉकडे पट्ट्यांची खोगीरभरती झाली होती. एकेक पट्टा इंटरकॉन्टिनेंटलमध्ये विलीन करायला सुरुवात झाली. १९ ऑगस्टला चोवीस तासांचा नियम रद्द. २६ तारखेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉब व्हॅन डॅमने टॉमी ड्रीमरला हरवलं आणि पट्टा संपला. दोघंही ईसीडब्ल्यूत वाढलेले. निदान अंत्यविधी घरच्यांनी केला. आणि बघा, तो विलीन झाला कशात? पॅटरसनने कधीही न झालेल्या स्पर्धेत जिंकलेल्या पट्ट्यात.

मूळ मोडका पट्टा जून २००३ मध्ये त्याच गार्डनमध्ये फोलीला मानाने देण्यात आला.

क्रॅश, खरं नाव माइक लॉकवुड, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेला. वय ३२. कंपनीने त्याला काही महिन्यांपूर्वीच मोकळं केलं होतं.

चहाबिस्कीट

३२??? हे माहीत नव्हतं.

बंड्या७७

वाईट वाटलं राव.

अवांतर: २०१९ चा हिरवा २४/७ पट्टा हा याचाच पुनर्जन्म ना? तो पण फोलीनेच आणला.

अनघा_डोंबिवली

हो, मे २०१९. तो म्हणजे आर-ट्रूथचा पट्टा, पन्नासपेक्षा जास्त वेळा जिंकला त्याने. ड्रेक मॅव्हरिकच्या लग्नात, खऱ्याखुऱ्या लग्नात हं, नवरदेवाला पिन करून पट्टा घेऊन गेला. जिंदर महालशी त्याची झटापट विमानात चालू होती. काही महिने खूप हसले मी. मग तेच झालं, जे अण्णांनी त्या रिकाम्या खुर्च्यांत पाहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकी क्रॉसने तो जिंकला आणि चालता चालता कचऱ्याच्या डब्यात टाकला. कुणी आणायलाही गेलं नाही.

एडिसनचा_अण्णा

जपानवाल्यांनी मात्र ही कल्पना मरू दिली नाही. डीडीटी नावाच्या कंपनीत २००० सालापासून असाच चोवीस तासांचा एक पट्टा आहे, आजही चालू. तिथे शिडी चॅम्पियन झाली आहे. म्हणजे माणूस हरला आणि शिडी जिंकली. मांजर जिंकलं आहे. एकदा तर पट्ट्यानेच पट्टा जिंकला. तिथे 'किंमत कमी होईल' ही काळजीच कुणी करत नाही, म्हणून टिकलं असावं.

तालीमकर

शिडी चितपट कशी करायची म्हणे?

एडिसनचा_अण्णा

शिडी तुमच्या अंगावर पडली, रेफरीने तीन मोजले, की तुम्ही हरला. तुम्हाला शिडीला हरवायचं असेल तर तिला आडवी करून तिच्यावर झोपायचं.

तालीमकर

आमच्या वस्तादांना हे सांगत नाही मी. मला आखाड्यातनं हाकलतील.

चहाबिस्कीट

खुर्चीवाले, ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी? माझ्या पुतण्याला दाखवायचं आहे. वय बारा.

खुर्चीवाला

बारा असेल तर खेळघरातला पाठलाग आणि झोपलेला क्रॅश, एवढं दाखवा आणि थांबा. झग्यांची लढत त्याच्या आईसमोर लावू नका. मोठं झाल्यावर मेम्फिसची नदी आणि शेन-ब्लॅकमन. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुर्च्या मात्र दाखवायच्याच असतील तर शेजारी बसून, नोविन्स्कीची गोष्ट सांगत दाखवा.

बंड्या७७

आणि जेफ हार्डीची शिडी! ती का गाळली? साहेब तुम्ही मुद्दाम करताय.

खुर्चीवाला

हो.